एक टक्क्याचा धंदा? मासळीच्या पैशाचा हिशेब, कोल्हापुरातून

सरकारी आकडेवारीत एक ओळ दरवर्षी येते. देशाच्या एकूण मूल्यवर्धनात मत्स्यव्यवसायाचा वाटा सुमारे १ टक्का, आणि शेती क्षेत्राच्या मूल्यवर्धनात सुमारे ७ टक्के. कोल्हापुरातला वाचक ही ओळ वाचून सरळ पुढच्या पानावर जातो. त्याचं चुकतंय असंही नाही. आपल्याकडं ना समुद्र, ना बंदर. जिल्ह्याची ओळख तांबड्या-पांढऱ्याची. मासे खायचे ते बुधवारी, शुक्रवारी नाहीतर रविवारी, आणि तेही श्रावण नसला तर.

पण हा एक टक्का नेमका कशाचा, कुठं उभं राहून मोजलेला आणि त्यात काय धरलेलं नाही, हे एकदा नीट बघायला हवं. कारण 'मासेमारीवर अमुक हजार कोटींची उलाढाल चालते' असंही कुणीतरी छातीठोकपणे सांगत असतं, आणि ते ऐकून आपण माना डोलावतो. दोन्ही आकडे एकाच धंद्याचे असतात. फक्त मोजणारा माणूस वेगळ्या जागी उभा असतो.

सुरुवात बोटीपासून करू. समजा, रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात एका नौकेनं मासळी उतरवली आणि लिलावात एक लाख रुपये आले. (हे आकडे फक्त समजण्यासाठी धरलेत.) या लाखातून पहिल्यांदा डिझेल वजा होतं, कारण यांत्रिक नौकेचा सगळ्यात मोठा खर्च तोच. मग बर्फ, खलाशांचं रेशन, ऑइल, जाळ्याची डागडुजी. यात साठ हजार गेले असं धरू. उरलेले चाळीस हजार मालक, तांडेल (नौका चालवणारा प्रमुख) आणि खलाशी यांच्यात ठरलेल्या हिश्शानं वाटले जातात. अर्थशास्त्राच्या वहीत 'मासेमारीचं मूल्यवर्धन' म्हणून जे लिहिलं जातं ते हे चाळीस हजार. लाख नव्हे.

मग साठ हजारांचं काय झालं? ते बुडाले नाहीत, फक्त दुसऱ्या खात्यांत गेले. डिझेलचे पैसे तेलधंद्यात, बर्फाचे आणि जाळ्याचे कारखानदारीत. पुढं तीच मासळी घाट चढून वर आली की टेम्पोचं भाडं 'वाहतूक' या खात्यात, विक्रेत्याची कमाई 'व्यापार' या खात्यात आणि खानावळीतली सुरमई थाळी 'हॉटेल' या खात्यात. म्हणजे तो एक टक्का खोटा नाही. बोटीवर आणि तळ्याच्या काठावर जे उरतं तेवढ्याचाच तो हिशेब आहे. मासळीमुळं बाकी कुणाकुणाच्या चुली पेटतात, हे त्या आकड्याला कुणी विचारलेलंच नसतं.

उसाचं उदाहरण आपल्याला वेगळं सांगायला नको. उसाचं बिल ही एक रक्कम झाली. त्याच्या मागं खताचं दुकान, पंपाच्या मोटारी भरून देणारा, तोडणीच्या टोळ्या, ट्रॅक्टर-ट्रॉलीवाले. पुढं साखर, मळी, बगॅस. आणि बिल खात्यावर जमा झालं की गुजरीत सोनं नि शोरूममध्ये दुचाकी. कारखाना वर्षभर बंद राहिला तर फक्त उसाचं बिल बुडालं असं कोल्हापुरात कोणी म्हणणार नाही. अर्थतज्ज्ञ याला मागचे दुवे, पुढचे दुवे आणि पगाराच्या खर्चातून होणारा परिणाम अशी तीन नावं देतात. मासेमारीत हे तिन्ही आहेत. फरक एवढाच की कारखाना एका जागी दिसतो, आणि मासळीची साखळी चार घाट नि दोन-तीन राज्यांत पसरलेली असते.

किनारा ते ताट

कोचीची केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था दरवर्षी देशभरात बंदरांवर उतरणाऱ्या मासळीचा अंदाज काढते. २०१८ सालचा तिचा हिशेब बघण्यासारखा आहे. त्या वर्षी समुद्रातून पकडलेल्या मासळीची किनाऱ्यावरची किंमत ५२,६३२ कोटी रुपये होती. तीच मासळी किरकोळ बाजारात पोचली तेव्हा ८०,३२० कोटींची झाली. मधले सुमारे २७,७०० कोटी रुपये किनारा आणि ताट यांच्यामध्ये वाटले गेले. यात बर्फवाला, हमाल, दलाल, टेम्पोवाला, घाऊक व्यापारी आणि शेवटी पाटावर मासा कापून देणारी मावशी असे सगळे आले.

म्हणजे गिऱ्हाईकाच्या रुपयातले साधारण ६५ पैसे किनाऱ्यावर राहिले. भाजीच्या मानानं हे चांगलंच म्हणायचं. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ मधल्या अभ्यासात टोमॅटो, कांदा, बटाट्यात शेतकऱ्याच्या हाती रुपयातले ३३ ते ३७ पैसेच पडतात असं निघालं होतं. पण किनाऱ्यावरचे ६५ पैसे म्हणजे मच्छिमाराच्या खिशातले ६५ पैसे नव्हेत. वर बघितलं तसं त्यातला मोठा भाग डिझेलच घेऊन जातं. असे आकडे भाषणात आले की ही ओळ हमखास गळते.

मधल्या वाटेकडं जरा जवळून बघू, कारण कोल्हापूरचा संबंध इथंच येतो. रत्नागिरीचा माल आंबा घाटातून येतो, मालवणकडचा गगनबावड्यावरून. संध्याकाळच्या लिलावात घेतलेली मासळी प्लास्टिकच्या क्रेटमध्ये भरली जाते. तळाला बर्फाचा चुरा, वर बांगडा, वर पुन्हा बर्फ. टेम्पो रात्री निघतो आणि उजाडायच्या आत शहरात पोचतो. ही वेळ साधणं म्हणजेच सगळा धंदा. दोन तास उशीर झाला तर बर्फाचं पाणी होतं, बांगड्याचा डोळा पांढरा पडतो, आणि गिऱ्हाईक कल्ला उघडून बघून नुसतंच पुढं जातं. गगनबावड्याकडचा करूळ घाट रस्त्याच्या कामासाठी २०२४ मध्ये दीर्घकाळ बंद होता तेव्हा गाड्या भुईबावडा नाहीतर फोंड्यावरून वळवाव्या लागल्या. वळसा वाढला की डिझेल वाढतं, बर्फ जास्त लागतो, आणि तो खर्च शेवटी किलोच्या भावात येऊन बसतो. घाटातल्या रस्त्याचं काम हा मासेमारीचा विषय नाही असं खात्यांच्या फायलींमध्ये असेल. बाजारात तसं नसतं.

हंगामाची गंमत तर आणखी वेगळी. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. माशांच्या विणीचा काळ आणि खवळलेला समुद्र, अशी दोन्ही कारणं त्यामागं. आता हे आपल्या कॅलेंडरशी लावून बघा. आखाडात घाटावर मागणी शिगेला, आणि नेमका तेव्हाच समुद्र बंद. ऑगस्टमध्ये बोटी बाहेर पडतात, जाळी भरून येतात, तेव्हा आपल्याकडं श्रावण सुरू. निम्मी घरं मासळीकडं बघत नाहीत. या उलट्या गणितात कुणाचा धंदा चालतो? शीतगृहवाल्याचा, आंध्रातून येणाऱ्या तळ्यातल्या रोहू-कटल्याचा, आणि मे महिन्यातच सुकट, जवळा, सोडे, सुके बोंबील वाळवून ठेवणाऱ्या किनाऱ्यावरच्या बायकांचा. पावसाळ्यात आठवडी बाजारात पोत्यावर मांडलेली सुकी मासळी ही नुसती चवीची गोष्ट नाही. स्वस्तातलं, फ्रीजशिवाय टिकणारं प्रथिन आहे ते. आणि बारीक मासळी काट्यासकट पोटात जाते, त्यामुळं कॅल्शियमही मिळतं. राष्ट्रीय उत्पन्नात तिची नोंद फक्त किमतीएवढी होते, पोषणाएवढी नाही.

काही मासे तर मासे म्हणून आपल्याला दिसतही नाहीत. राणी मासा कोल्हापूरच्या बाजारात क्वचितच कुणी मागतं. पण रत्नागिरीत तो सुरीमी करायला जातो. माशाचा गर काढायचा, धुवायचा, त्याची लादी गोठवायची आणि परदेशी पाठवायची. तिकडं त्याच्या खेकड्याच्या चवीच्या कांड्या बनतात. कमी प्रतीची मासळी वाळवून दळली जाते आणि कोंबडीच्या नि कोळंबीच्या खाद्यात जाते. तेव्हा मी मासे खात नाही, फक्त चिकन खातो असं म्हणणाऱ्याचेही चार पैसे किनाऱ्यावर पोचत असतात. कोळंबीच्या खाद्यात सोयाबीनची पेंडही लागते. म्हणजे ही दोरी उलटी, आपल्या शेताकडंही येते.

एका रुपयाचे किती?

आता मोठ्या आकड्यांकडं येऊ. एका धंद्यातल्या रुपयानं बाकीच्या धंद्यांत किती हालचाल होते, हे मोजायची रीत वासिली लिओन्तिएफ या अर्थतज्ज्ञानं बसवली. त्याला १९७३ साली नोबेल मिळालं. प्रत्येक उद्योग दुसऱ्या प्रत्येक उद्योगाकडून काय विकत घेतो याचा भलामोठा तक्ता करायचा आणि एक रुपया कुठून कुठं फिरतो ते बघायचं. या रीतीनं २०१० साली अँड्र्यू डिक आणि रशीद सुमैला या संशोधकांनी जगाच्या सागरी मासेमारीचा हिशेब केला. किनाऱ्यावरची किंमत ८० ते ८५ अब्ज डॉलर, आणि सगळ्या अर्थव्यवस्थेतला परिणाम २२५ ते २४० अब्ज डॉलर. म्हणजे जवळपास तिप्पट.

तिप्पट हा शब्द ऐकला की पुढारी खूश होतात. इथं जरा थांबायला हवं.

पहिली गोष्ट, या तिपटीत उलाढाल मोजलेली असते, उत्पन्न नव्हे. डिझेलचे पैसे बोटीच्या मासळीच्या विक्रीतही आले आणि पंपाच्या विक्रीतही. बेरीज मोठी दिसते कारण एकच पैसा दोन-तीनदा मोजला जातो. हालचाल किती झाली हे सांगायला ते ठीक आहे. संपत्ती किती वाढली हे सांगायला नाही.

दुसरी गोष्ट गळतीची. फिरणारा रुपया गावातच फिरतो असं नाही. डिझेल आयात केलेल्या कच्च्या तेलाचं, म्हणजे तो पैसा देशाबाहेर गेला. रत्नागिरीच्या नौकांवर नेपाळी खलाशी मोठ्या संख्येनं असतात. त्यांच्या हिश्शाचा बराचसा पैसा नेपाळमधल्या गावी घर बांधायला जातो. त्यात वाईट काही नाही, कष्टाचा पैसा आहे तो. पण रत्नागिरीच्या बाजारपेठेवरचा परिणाम काढताना तो वजा करावाच लागतो.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि तिच्याबद्दल बोललं सगळ्यात कमी जातं. समजा, उद्या कोल्हापुरात एकही मासा आला नाही. इथली माणसं ते पैसे उशीखाली ठेवतील का? मुळीच नाही. चिकन आणतील, मटण आणतील, एखादा पिठलं करून त्या पैशात मोबाइलचं रिचार्ज मारेल. खर्च दुसऱ्या धंद्यात वळेल. टेम्पोवाला उद्या भाजी नेईल. म्हणजे कोल्हापूरच्या अर्थव्यवस्थेचं नुकसान मासळीच्या पूर्ण उलाढालीएवढं होणार नाही, त्याहून पुष्कळ कमी होईल. तीच गोष्ट हर्णै किंवा मालवणच्या एखाद्या वाडीत घडली तर? बोट विकून भाजी नेता येत नाही. जाळं विणायचं कसब दुसरीकडं चालत नाही. तिथं गेलेला रुपया खरोखर गेला. म्हणून धंद्याचं मोल सांगताना 'कुणासाठी' हे विचारल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. दिल्लीच्या तक्त्यात १ टक्का असलेला धंदा एखाद्या खाडीकाठच्या गावात शंभरातले ऐंशी टक्के असू शकतो. सरकारच्या हिशेबानं देशात सुमारे ३ कोटी लोकांची उपजीविका या क्षेत्रावर आहे, आणि लिलाव, निवडणं, सुकवणं, कोळंबी सोलणं, विकणं ही कामं बव्हंशी बायका करतात. त्यांच्यापुढं दुसऱ्या कामाचे पर्याय आणखीच कमी.

निर्यातीचं गणित वेगळं, कारण तिथं बाहेरचा पैसा आत येतो. २०२३-२४ मध्ये भारतानं १७.८१ लाख टन सागरी उत्पादनं निर्यात केली, ६०,५२३ कोटी रुपयांची. किमतीच्या हिशेबानं त्यातली दोन-तृतीयांश एकटी गोठवलेली कोळंबी, तीही मुख्यतः आंध्रच्या तळ्यांत वाढवलेली, आणि सगळ्यात मोठं गिऱ्हाईक अमेरिका. एक माल, एक गिऱ्हाईक. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं भारतीय मालावरचं आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेलं तेव्हा पहिला दणका ज्यांना बसला त्यांत हे कोळंबीवाले होते. तळ्यावरचे भाव लगेच पडले. निर्यातीचा आकडा मोठा असणं आणि भक्कम असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

वहीत न येणारी वजाबाकी

आतापर्यंत सगळी बेरीज झाली. आता जे कोणीच वजा करत नाही ते बघू.

कारखान्याचं यंत्र झिजतं, म्हणून हिशेबात घसारा धरतात. समुद्रातला माशांचा साठा झिजला तर? त्याचा घसारा कुठल्याच ताळेबंदात नसतो. यंदा पिल्लंसुद्धा ओरबाडून काढली तर यंदाचं मूल्यवर्धन वाढलेलंच दिसतं. पुढच्या वर्षी काय होतं ते पुढच्या वर्षीच्या आकड्यात.

केरळात २०१२ साली तारलीची आवक ४ लाख टनांच्या घरात होती. २०२१ मध्ये ती ३,२९७ टनांवर आली. समुद्राचं तापमान, प्रवाह, अतिमासेमारी अशी कारणं त्यात गुंतलेली होती, आणि नंतर तारली पुन्हा वाढलीही. पण मधल्या काळात तारलीवर जगणाऱ्या बोटी, बर्फाचे कारखाने, सायकलवर मासे विकणारे सगळ्यांची साखळी ढिली पडली. दुवे चांगल्या काळात जसे पैसे पसरवतात तसेच वाईट काळात तोटाही पसरवतात. महाराष्ट्रात २०१९ साली फक्त २.०१ लाख टन मासळी मिळाली, ४५ वर्षांतली नीचांकी. कॅनडात न्यूफाउंडलंडचा कॉड मासा इतका संपला की २ जुलै १९९२ रोजी सरकारनं मासेमारीच थांबवली. सुमारे ३०,००० लोक एका फटक्यात बेकार झाले. ती बंदी दोन वर्षांची म्हणून सुरू झाली होती. उठायला २०२४ साल उजाडलं.

असं का होतं, हे स्कॉट गॉर्डन या कॅनडाच्याच अर्थतज्ज्ञानं १९५४ साली सांगून ठेवलं होतं. समुद्र सगळ्यांचा, म्हणून मी आज सोडलेला मासा उद्या शेजारी पकडणार. मग मी कशाला सोडू? जोवर नफा दिसतो तोवर नवी बोट उतरत राहते. शेवटी बोटी दुप्पट, मासे तेवढेच, आणि सगळा नफा डिझेलच्या धुरात. जागतिक बँकेनं २०१७ साली याची किंमत काढली. जगातली मासेमारी आटोक्यात असती तर २०१२ या एका वर्षात ८३ अब्ज डॉलर जास्त हाती आले असते. जास्त मासे मारून नाही, कमी मारून.

म्हणून पर्ससीन (माशांचा अख्खा थवा वेढणारं मोठं जाळं), मासे उजेडाकडं ओढणारे एलईडी दिवे, जाळ्याची आस (भोकांचा आकार) या भांडणांकडं 'कोकणातला वाद' म्हणून बघू नये. राज्यानं २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध आणले, केंद्रानं २०१७ मध्ये एलईडीच्या उजेडातल्या मासेमारीवर बंदी घातली, २०२३ मध्ये राज्यानं पापलेटला राज्य मासा केलं आणि ५४ जातींसाठी पकडायचा किमान आकार ठरवून दिला. हा वर सांगितलेला घसारा भरून काढायचाच प्रयत्न. अंमलबजावणीबद्दल किनाऱ्यावर कुणालाही विचारा, उत्तर मिळतं. पण बाजारात तळहाताएवढी पापलेटं स्वस्त म्हणून आपणच उचलतो, हेही त्याच हिशेबात धरायला हवं.

राहिला आपल्या पाण्याचा प्रश्न. भारताचं मत्स्योत्पादन २०२३-२४ मध्ये १८४ लाख टन झालं, जगात चीनच्या खालोखाल. त्यातलं समुद्राचं फक्त ४५ लाख टन. तीन-चतुर्थांशाहून जास्त मासळी नद्या, तळी, धरणं आणि शेततळ्यांतली. म्हणजे 'समुद्र नाही' ही सबब कोल्हापूरला खरं तर चालत नाही. राधानगरी, काळम्मावाडीसारखी धरणं इथं आहेत, गावोगावी तलाव आहेत, मच्छिमार संस्था त्यांचा ठेका घेतात. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत तळी नि पिंजऱ्यांसाठी सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान आहे. किसान क्रेडिट कार्ड मत्स्यपालकांना मिळतं. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला, म्हणजे वीजदर, कर्ज आणि विम्यात शेतकऱ्याच्या रांगेत उभं राहायची सोय झाली.

आणि याच जिल्ह्यात पंचगंगेत मेलेल्या माशांचा खच वर येतो. सांडपाणी, कारखान्यांचं पाणी, बातमी येते, पंचनामा होतो. त्या माशांची किंमत कुठल्याही खात्यात लिहिली जात नाही, कारण ते कुणी विकले नव्हते. उलट पाणी शुद्ध करायला जो खर्च होतो तो उत्पादन म्हणून जमेच्या बाजूला येतो. नदीतल्या मासेमारीवर जगणाऱ्या कुटुंबांना भरपाई मागायची झाली तर पहिला प्रश्न येतो तो उत्पन्नाच्या पुराव्याचा, आणि पहाटे जाळं टाकून सातला पुलाजवळ पाटी विकणाऱ्याकडं पावती नसते. संस्थेच्या दप्तरात रोजच्या मासळीची वजनासह नोंद ठेवली तर निदान तेवढा पुरावा उभा राहतो.